मेल ‘पाठवला’ दिसतो, पण पोचत नाही: कार्यालयातल्या मेल-रिलेचा पुन्हापुन्हा येणारा बिघाड

थंडरबर्ड किंवा आउटलुक सांगतं की मेल गेला. ‘सेंट’मध्ये प्रतही पडलेली असते. देवगडातून मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला, तर तिकडे काहीच आलेलं नसतं. कोणीतरी रिलेचा डबा (सगळ्यांचे मेल घेऊन पुढे पाठवणारा कार्यालयातला छोटा सर्व्हर) बंद-चालू करतं, मेल जातात, चार दिवस बरे जातात. मग पुन्हा लाईट जाते, येते, आणि पुन्हा तेच.

कोकणात अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी आहे: पतसंस्था, शाळा, आंबा-काजूचा व्यापार, मासळीची गोदामं, होमस्टे. कोपऱ्यात एक जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यावर लिनक्स आणि पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम: हाच रिले. कार्यालयातले तीन-चार संगणक, स्कॅनर आणि बिलिंगचा प्रोग्राम आपले मेल त्याच्याकडे देतात आणि तो ते जीमेल किंवा दुसऱ्या पुरवठादाराच्या सर्व्हरकडे पुढे पाठवतो. मांडणी चांगलीच आहे. नेट गेलं तरी मेल रांगेत सुरक्षित राहतात, जुन्या स्कॅनरला नवं टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत) येत नसलं तरी चालतं, आणि खात्याचा पासवर्ड एकाच जागी राहतो. खाली दिलेलं सगळं पोस्टफिक्स आणि डेबियन किंवा उबंटू हे लिनक्सचे प्रकार धरून आहे. सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. पोस्टफिक्सच्या ‘मेन डॉट सीएफ’ फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून येतात.

एक गोष्ट पक्की धरून चला, म्हणजे निम्मा वेळ वाचेल. मेल दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा संगणकापासून रिलेपर्यंत, दुसरा रिलेपासून पुरवठादारापर्यंत. संगणकावरचा ‘पाठवला’ हा शब्द फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतो. गावच्या पोस्टाच्या पेटीत पत्र पडलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे ठरल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नका. दुसऱ्या टप्प्यातला बिघाड शोधताना थंडरबर्डची सेटिंगं उलटीपालटी करून ठेवली की एकाचे दोन बिघाड होतात.

टप्पा कसा ओळखायचा

संगणकावर मेल ‘आउटबॉक्स’मध्येच अडकला किंवा लगेच चूक दाखवली, तर पहिला टप्पा. ‘सेंट’मध्ये गेला आणि समोरच्याला मिळाला नाही, तर दुसरा.

खात्री करायला रिलेवर ‘मेलक्यू’ ही आज्ञा द्या. रांग रिकामी असेल तर एकतर मेल रिलेपर्यंत आलाच नाही, किंवा तो पुढे गेला, किंवा परत फिरला. रांगेत असेल तर प्रत्येक मेलखाली कंसात कारण लिहिलेलं असतं. ते कारण शब्दन् शब्द वाचा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. सविस्तर नोंद ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, ‘मेल डॉट लॉग’ फाइलमध्ये. डेबियन १२ पासून ही फाइल लिहिणारा आर-सिसलॉग आपोआप बसत नाही, म्हणून ती फाइल दिसली नाही तर घाबरू नका, ‘जर्नल-सीटीएल’ वापरा. नोंदीत ‘स्टेटस’ या शब्दापुढे काय आहे ते बघायचं. ‘सेंट’ म्हणजे पुरवठादाराने घेतला, ‘डिफर्ड’ म्हणजे पुन्हा प्रयत्न होणार, ‘बाउन्स्ड’ म्हणजे कायमचा नकार.

आकडेही बोलतात. चारपासून सुरू होणारा संकेत तात्पुरता, पाचपासून सुरू होणारा कायमचा. चारवाल्या मेलला रिले स्वतः पुन्हा पाठवत राहतो. पाचवाल्याला थांबण्यात अर्थ नाही.

पहिला टप्पा: संगणक ते रिले

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, पुढे रिलेचा पत्ता आणि पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) २५ देऊन पाहा. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे. ‘फॉल्स’ आलं तर तीन शक्यता.

सर्वांत जास्त वेळा आढळणारी: रिलेचा पत्ताच बदललाय. लाईट जाऊन आली की राउटर सगळ्यांना नव्याने पत्ते वाटतो. काल रिले १९२.१६८.१.१० होता, आज १९२.१६८.१.१४ झाला, आणि संगणक अजून जुन्या पत्त्यावर ठोठावतात. डबा बंद-चालू केल्यावर कधीकधी जुना पत्ता परत मिळतो, म्हणून बिघाड ‘आपोआप’ गेल्यासारखा वाटतो आणि परत येतो. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर रिलेच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख-क्रमांकाला, कायमचा पत्ता राखून द्या. एकदाच करायचं काम आहे.

दुसरी शक्यता: पोस्टफिक्स फक्त स्वतःशीच बोलतोय. ‘इनेट इंटरफेसेस’मध्ये ‘लूपबॅक-ओन्ली’ असेल तर रिलेवरून केलेली चाचणी यशस्वी होते आणि शेजारच्या टेबलावरून मात्र जोडणी नाकारली जाते. तिथे ‘ऑल’ लिहा. हे सेटिंग बदलल्यावर नुसतं ‘रिलोड’ पुरत नाही, पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो.

तिसरी: रिलेची किंवा संगणकावरच्या अँटीव्हायरसची फायरवॉल. काही अँटीव्हायरस जाणारा मेल मध्येच पकडून तपासतात आणि जोडणी अर्धवट तुटते. शंका असेल तर रिलेच्या पत्त्यापुरती सूट देऊन पाहा.

जोडणी होते पण ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ (४५४ ४.७.१ किंवा ५५४ ५.७.१) येतं, तेव्हा रिले ओळख पटत नाही असं सांगतोय. पोस्टफिक्स ‘मायनेटवर्क्स’मध्ये लिहिलेल्या पत्त्यांवरूनच बाहेरचे मेल स्वीकारतो. समजा, तिथे १२७.०.०.०/८ (रिले स्वतः) च्या जोडीला १९२.१६८.१.०/२४ (१९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते) आहे आणि सगळं चालू आहे. मग फायबर तुटते, कोणीतरी जिओचा राउटर लावतो, आणि कार्यालयातले पत्ते १९२.१६८.२९ ने सुरू व्हायला लागतात. रिलेच्या दृष्टीने सगळे अनोळखी झाले. उपाय दोन: यादीत दोन्ही जाळी लिहून ठेवा, किंवा पर्यायी राउटरचा अंतर्गत पत्ता बदलून पहिल्यासारखाच करा. दुसरा उपाय जास्त बरा, कारण त्यात स्कॅनर आणि संगणकांतलं काहीच हलत नाही. फक्त दोन्ही राउटर एकाच वेळी एकाच तारेवर जोडू नका.

आता प्रोग्रामातली सेटिंगं. थंडरबर्डमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’ उघडलं की डाव्या यादीत तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ दिसतो. तिथे नवा सर्व्हर जोडा: नाव म्हणून रिलेचा आयपी पत्ता, पोर्ट २५, कनेक्शन सिक्युरिटी ‘नन’, ऑथेंटिकेशन ‘नो ऑथेंटिकेशन’. इथे ‘नॉर्मल पासवर्ड’ ठेवला तर थंडरबर्ड तक्रार करतं की सर्व्हर ही पद्धत मानत नाही. रिलेकडे पासवर्ड विचारायची सोयच नसते, त्यामुळे ती तक्रार खरी आहे. मग ज्या-त्या खात्याच्या पानावर तळाशी असलेल्या यादीतून हा नवा सर्व्हर निवडायचा. ही शेवटची पायरी हमखास राहते. सर्व्हर जोडलेला असतो, खातं मात्र जुन्याच मार्गाने पाठवत असतं.

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ पानावरची पासवर्डची खूण काढा, ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर जाणारा पोर्ट २५ आणि एन्क्रिप्शन ‘नन’ करा. नवं आउटलुक मात्र आयमॅप खाती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून चालवतं. तुमच्या खोलीतला १९२.१६८ वाला पत्ता त्या क्लाउडला दिसणार नाही, तेव्हा त्याच्याशी झगडू नका. रिलेमागच्या संगणकांवर क्लासिक आउटलुक किंवा थंडरबर्डच ठेवा.

आणि येणाऱ्या मेलचं सेटिंग, आयमॅप असो वा पॉप, जसं आहे तसंच राहू द्या. रिले फक्त जाणाऱ्या मेलसाठी आहे. दोन्हीकडे रिलेचा पत्ता घातला की मेल येणं बंद होतं, आणि दोष रिलेवर जातो.

लॅपटॉप घरी नेल्यावर मेल जात नाही, ही तक्रार बिघाडात मोजू नका. रिले कार्यालयाच्या जाळ्यातच आहे. थंडरबर्डमध्ये पुरवठादाराचा थेट सर्व्हर, पोर्ट ५८७, दुसरा पर्याय म्हणून ठेवा आणि घरी असताना तो निवडा. यासाठी राउटरवरून पोर्ट २५ बाहेर उघडून देण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

होमस्टेवाल्यांनी पुढचं नीट वाचावं. पाहुण्यांचा वाय-फाय आणि कार्यालयाचं जाळं एकच असेल, आणि ‘मायनेटवर्क्स’मध्ये पूर्ण १९२.१६८.१.०/२४ लिहिलेलं असेल, तर मालवणात समुद्र बघायला आलेल्या कुणाही पाहुण्याच्या लॅपटॉपला तुमच्या खात्यावरून, पासवर्डाशिवाय मेल पाठवता येतो. त्या लॅपटॉपात व्हायरस असेल तर एका रात्रीत शेकडो मेल जातील आणि पुरवठादार तुमचं खातं बंद करेल, तेही ऐन मे महिन्यात किंवा गणपतीत, बुकिंगच्या गर्दीत. राउटरचं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून पाहुण्यांना तिकडे ठेवा. शिवाय यादीत सगळं जाळं न लिहिता एकेक यंत्र लिहा: १९२.१६८.१.२१/३२, १९२.१६८.१.२२/३२ असं. त्यासाठी त्या यंत्रांनाही राउटरमध्ये पत्ते राखून द्यावे लागतात. तेवढा त्रास घेण्यासारखा आहे.

दुसरा टप्पा: रिले ते पुरवठादार

रिलेने मेल थेट जगभरच्या सर्व्हरांना पोर्ट २५ वरून द्यायला जाऊ नये. घरगुती जोडण्यांवर तो पोर्ट अनेकदा बंद असतो, आणि उघडा असला तरी बदलत्या पत्त्यावरून आलेला मेल मोठे सर्व्हर घेत नाहीत. म्हणून ‘रिलेहोस्ट’मध्ये पुरवठादाराचा सर्व्हर आणि पोर्ट ५८७. जीमेल असेल तर चौकोनी कंसात एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, कंसाबाहेर कोलनचं चिन्ह (:) आणि ५८७. चौकोनी कंस शोभेचे नाहीत. ते नसतील तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (त्या नावाचा येणारा मेल कुठला सर्व्हर घेतो ते सांगणारी) शोधत बसतो.

सोबत ‘एसएमटीपी सॅसल ऑथ एनेबल’ला ‘येस’, ‘एसएमटीपी सॅसल सिक्युरिटी ऑप्शन्स’ला ‘नोॲनॉनिमस’, ‘एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ला ‘एन्क्रिप्ट’. पासवर्डच्या फाइलची, म्हणजे जिच्यात पुरवठादाराच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो तिची, परवानगी ६००.

पासवर्डभोवती चार वेगवेगळे बिघाड होतात आणि बहुतेकांचा संदेश वेगळा असतो:

‘५३० ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’: रिलेने पासवर्ड दिलाच नाही. पासवर्डच्या फाइलमधलं नाव ‘रिलेहोस्ट’शी तंतोतंत जुळत नाही. एकीकडे कंस आणि पोर्ट आहे, दुसरीकडे नाही, एवढंही पुरतं.

‘५३५ ५.७.८’: दिला, पण चुकीचा. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ३० मे २०२२ पासून ती सोय बंद झाली. आधी दोन-टप्पी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप-पासवर्ड काढायचा. पुढे कुणी गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप-पासवर्ड रद्द होतात. काल चालत होतं आणि आज सगळेच मेल ५३५ ने अडकलेत, तर कार्यालयात आधी हाच प्रश्न विचारा.

‘नो वर्दी मेक्स फाउंड’: ‘लिबसॅसल२-मॉड्यूल्स’ हे पॅकेज बसवलेलं नाही.

फाइल दुरुस्त केली तरी जुनीच चूक येत असेल, तर ‘पोस्टमॅप’ चालवायचं राहिलं. पोस्टफिक्स साधी फाइल वाचत नाही, ‘पोस्टमॅप’ने बनवलेली डीबी फाइल वाचतो.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असं येऊन पत्ता लांबलचक, कोलनचिन्हांचा दिसला, तर रिले आयपीव्ही६ ने (पत्त्यांच्या नव्या पद्धतीने) जायला बघतोय आणि तुमच्या जोडणीत ते नीट चालत नाही. ‘इनेट प्रोटोकॉल्स’ला ‘आयपीव्ही४’ लिहून पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा.

लाईट जाऊन आल्यानंतरचे बिघाड

जून ते सप्टेंबर हाच खरा हंगाम. एक बिघाड असा आहे की त्याने जाणकारही चकतात. रिलेवरून पिंग जातं, ब्राउझर चालतो, नाव शोधलं तर पत्ता मिळतो. पोस्टफिक्स मात्र ‘होस्ट ऑर डोमेन नेम नॉट फाउंड’ म्हणतो. कारण डेबियन-उबंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्सचे भाग ‘क्रूट’मध्ये, म्हणजे ‘व्हार-स्पूल-पोस्टफिक्स’ या बंदिस्त फोल्डरात चालतात. त्यांना मूळ ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ (नावाचा पत्ता कुणाला विचारायचा ते सांगणारी फाइल) दिसत नाही. सुरू होताना तिची एक प्रत आत काढली जाते आणि तीच वापरली जाते. लाईट आल्यावर रिलेचा डबा अर्ध्या मिनिटात उठतो, फायबरचा डबा मागून. तेव्हा आत गेलेली प्रत रिकामी किंवा जुन्या राउटरची असते, आणि तशीच राहते. डबा पुन्हा सुरू केला की बरं होतं ते यामुळे. राउटर तोवर जागा झालेला असतो. पूर्ण डबा बंद करायची गरज नाही, ‘सिस्टिम-सीटीएल रीस्टार्ट पोस्टफिक्स’ पुरे. कायमचा उपाय: ‘मास्टर डॉट सीएफ’मध्ये ‘एसएमटीपी युनिक्स’ या ओळीच्या क्रूटच्या रकान्यात ‘एन’ करा. ‘एसएमटीपी इनेट’ ही ओळ वेगळी आहे, तिला हात लावू नका.

घड्याळाचंही बघा. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत लाईट गेल्यावर वेळ राखणारं घड्याळच नाही. उठल्यावर तो शेवटची साठवलेली वेळ धरतो आणि नेट मिळेपर्यंत तीच चालवतो. तीन दिवस लाईट नव्हती तर तो तीन दिवस मागे. या अवस्थेत आलेल्या मेलवर मागची वेळ पडते, आणि नेट येऊन घड्याळ पुढे उडी मारतं तेव्हा तो मेल एका क्षणात तीन दिवसांचा ‘म्हातारा’ होतो. पोस्टफिक्स रांगेतला मेल पाच दिवस ठेवतो आणि मग परत पाठवतो. म्हणजे घड्याळ पाच दिवस मागे पडलेलं असेल, तर सकाळी लिहिलेला मेल संध्याकाळी ‘मुदत संपली’ म्हणून परत येऊ शकतो. पायला बॅटरीवालं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल लावा.

त्याहून सोपं म्हणजे रिलेसाठी जुना लॅपटॉप वापरा. त्याला घड्याळ असतं, आणि बॅटरी तासभर टिकत असेल तर तोच त्याचा यूपीएस. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून ‘लॉगिंड’च्या सेटिंगात ‘हँडल लिड स्विच’ला (हे नाव अंडरस्कोरशिवाय सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) ‘इग्नोर’ द्या. पायच्या एसडी कार्डाला अचानक जाणारी लाईट सोसत नाही. कार्ड गेलं की रांगेतले मेलही गेले.

नेट आलं तरी मेल तासभर हलत नाहीत

हा बिघाड नाही, पोस्टफिक्सचा स्वभाव आहे. प्रत्येक अपयशानंतर तो थांबण्याचा काळ वाढवतो, ३०० सेकंदांपासून ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे एक तास सात मिनिटांच्या आसपास. घाई असेल तर ‘पोस्टक्यू’ आज्ञा छोट्या ‘एफ’सह द्या, लगेच प्रयत्न होतो. नेट वारंवार जाणाऱ्या गावांत ‘मॅक्सिमल बॅकऑफ टाइम’ ९०० सेकंद ठेवणं योग्य.

बाहेरचे जातात, आपल्याच माणसांचे परत येतात

‘५५० ५.१.१ युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’. बसवताना पोस्टफिक्स मेलचं नाव विचारतो आणि आपण संस्थेचं डोमेन टाकतो. ते ‘मायडेस्टिनेशन’मध्ये जाऊन बसतं. मग रिले समजतो की या डोमेनच्या पेट्या आपल्याकडेच आहेत, आणि सहकाऱ्याला पाठवलेला मेल बाहेर न देता घरातच शोधतो. तिथे फक्त ‘लोकलहोस्ट’ ठेवा.

पाठवणाऱ्याचा पत्ता बदललेला दिसत असेल, तर जीमेल स्वतः तो बदलतो: ज्या खात्याने लॉगिन केलं त्याचाच पत्ता लावतो, दुसरा पत्ता त्या खात्यात ‘सेंड मेल ॲज’मध्ये पडताळलेला नसेल तर. इतर काही पुरवठादार बदलत नाहीत, सरळ ५५३ देऊन नाकारतात. तीन जणांची तीन खाती असतील तर ‘एसएमटीपी सेंडर डिपेंडंट ऑथेंटिकेशन’ चालू करून पासवर्डच्या फाइलमध्ये प्रत्येक पत्त्याची वेगळी ओळ लिहा.

फोटो जोडले की अडतं

पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १०२४०००० बाइट, साधारण दहा एमबी. पण जोडलेली फाइल मेलमध्ये जाताना तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त फुगते, त्यामुळे सात एमबीच्या पुढे गेलं की ‘५५२ ५.३.४’. ‘मेसेज साइझ लिमिट’ ३५०००००० करा. जीमेलची २५ एमबीची फाइल त्यात बसते. स्कॅनरला मात्र ३०० डीपीआय रंगीतऐवजी २०० डीपीआय करड्या छटेत ठेवा. सातबाऱ्याला तेवढं पुरतं.

मोठ्या खंडानंतर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं दिवसचे दिवस विजेविना आणि रेंजविना होती. अशा वेळी पाच दिवसांची मुदत अपुरी. ‘मॅक्सिमल क्यू लाइफटाइम’ दहा दिवस करता येते, पण विचार करून. दहा दिवसांपूर्वीचा हापूसचा भाव आज ग्राहकाला पोचला तर नुकसानच. बहुतेक कार्यालयांना पाच दिवस बरे. ‘उशीर होतोय’ अशी सूचना मागवायची सोय आहे, पण नेटच बंद असेल तर ती सूचनाही त्याच रांगेत अडकते. तेव्हा भरवसा ‘मेलक्यू’वरच ठेवावा.

वीज आणि नेट परतल्यावर रांग लगेच मोकळी करू नका. आधी ‘पोस्टसुपर’ आज्ञा छोट्या ‘एच’ आणि ‘ऑल’सह देऊन सगळे मेल धरून ठेवा. मग घड्याळ बघा, पोस्टफिक्स पुन्हा सुरू करा, एक नवा चाचणीचा मेल पाठवून नोंदीत ‘सेंट’ येतंय ना ते बघा. जे मेल शिळे झालेत ते छोट्या ‘डी’ने काढून टाका. उरलेले मोठ्या ‘एच’ने सोडा, थोडे थोडे करून, कारण साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. ती ओलांडली की ‘५५० ५.४.५’ येतं. हा पाचचा संकेत आहे, त्यामुळे रिले तो मेल उद्यासाठी ठेवत नाही, तिथेच परत फिरवतो, आणि पाठवणाऱ्याला तो पुन्हा लिहावा लागतो.